शाळेची वजावट

२ मार्च

ठकू,

फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, म्हणून हा कागद. पाकिटावरचा पत्ता बाबांकडून लिहून घेतला. माझं अक्षर बघितलंस तर न फोडताच टाकून देशील. फोडलंस ना? मग आता शेवटपर्यंत वाच. अर्धा प्रश्न वाचून उत्तर लिहायला घ्यायची तुझी सवय आहे.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. पण खोडलेलं तू उजेडात धरून वाचशीलच, तेव्हा राहू दे.

तुझा निरोप बाबांच्या फोनवर आला. 'मेडिकल सोडते आहे. वार्षिक परीक्षेला बसणार नाही. आईला सांगा, फोन करू नकोस.' बाबांनी तो मला दुकानातून आल्यावर, हातपाय धुऊन, जेवून, चूळ भरून मग दाखवला. एवढा वेळ हा माणूस तो निरोप खिशात घेऊन माझ्यासमोर जेवत होता!

मी शांत आहे. सकाळपासून दोनदा दूध उतू गेलं, पण त्या शेगडीचंच काहीतरी बिघडलं आहे.

सहामाहीनंतर तू घरी आलीस तेव्हा जे झालं, त्याचा राग एवढा ताणायचा का? मी फक्त तुझा पेपर चाळला. तूच तो टेबलावर ठेवला होतास. लाल पेन हातात होतं, कारण ते माझ्या हातात असतंच. आणि एकूण गुण एक्केचाळीसचे चव्वेचाळीस व्हायला हवेत हे मी तुझ्याच बाजूने बोलले. यकृताच्या प्रश्नात आकृतीचे गुण त्यांनी धरलेच नव्हते. तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बरं झालं आई जीवशास्त्राची बाई आहे. तू ताट मोरीत ठेवलंस आणि म्हणालीस, "तुझे गुण तुझ्याकडे ठेव. माझे मला पुरेत." सकाळी चहासुद्धा न घेता गेलीस.

शाळेत तुला शहाण्णव होते. ते मी दिले, आणि आजही तो पेपर माझ्यापुढे आला तर शहाण्णवच देईन. शहाण्णववाली मुलगी एक्केचाळीसची होत नसते. कुठेतरी काहीतरी अडलं आहे. काय अडलं आहे तेवढं कळव.

शाळेत सगळं ठीक आहे. हेडसर तुझी चौकशी करतात. फारच करतात.

आई


६ मार्च

ठकू,

उत्तर नाही. नसू दे.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. तुला ती बाहेरून कळली तर माझ्या नावाने बोटं मोडशील, म्हणून सांगून टाकते.

तुमचं कॉलेज प्रवेश देताना शाळेचे गुण जसेच्या तसे धरत नाही, हे तुला ठाऊक आहे. एका शाळेतले नव्वद म्हणजे दुसऱ्या शाळेतले सत्तर, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते बघतात की या शाळेतून आधी आलेली मुलं पहिल्या वर्षी कशी निघाली. शाळेने डोक्यावर घेतलेली मुलं तिथे आपटली, तर त्या शाळेतल्या पुढच्या प्रत्येक मुलाच्या गुणांतून काही गुण वजा होतात. आमच्या स्टाफरूममध्ये त्याला 'वजावट' म्हणतात. मोठ्या शाळांतून दरवर्षी वीस-वीस मुलं जातात, त्यांना एखाद्याचं काही वाटत नाही. आपल्या शाळेतून आजवर दोघंच गेलात. हेडसरांचा भाचा आणि तू. भाचा चांगला निघाला, त्यामुळे आपली वजावट फक्त तीन गुणांची आहे.

आता तू सोडलंस तर तुझ्या नावापुढे शून्य लागेल आणि वजावट कुठल्या कुठे जाईल, असं हेडसर म्हणतात. रोज म्हणतात. जिन्यात म्हणतात, पाण्याच्या नळाशी म्हणतात. काल तर वर्गाच्या दारात उभं राहून म्हणाले, "बाई, घरची गोष्ट घरात राहिली असती तर मी तोंड उघडलं नसतं. पण हा शाळेच्या नाकाचा प्रश्न आहे." मी म्हटलं, शाळेचं नाक माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर कुणी बसवलं? वर्गातली मुलं हसली. ते हसले नाहीत.

आणि भिंगरी आहे. तुला आठवते का? तू शेवटच्या वर्षाला होतीस तेव्हा खालच्या वर्गात होती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची मुलगी, प्रयोगशाळेत एका जागी कधी उभी राहायची नाही, म्हणून मीच ते नाव ठेवलं. यंदा तिने तुमच्या कॉलेजात अर्ज केला आहे. पोरगी हुशार आहे. तुझ्याएवढी नाही म्हणणार होते, पण आता काय म्हणायचं तेच मला कळेनासं झालं आहे.

तू म्हणशील, म्हणजे आईला माझी काळजी नाही, शाळेची आहे. तसं नाही.

थोडं तसं आहे. पण थोडंच.

परीक्षेला बस ग. कशीही दे, पण बस.

आई


१० मार्च

ठकू,

वाचायच्या आधी खाली बस.

आज मधल्या सुट्टीत मी तुमच्या प्रवेश विभागात फोन केला. हेडसरांच्या शून्याने मला भंडावून सोडलं होतं. पलीकडे एक बाई होत्या, काहीतरी खात खात बोलत होत्या, पण नियम त्यांना पाठ. म्हणाल्या, "सोडणाऱ्याला शून्य? हे कुणी सांगितलं तुम्हाला? वीस मार्चच्या आत नाव काढून घेतलं तर तो विद्यार्थी आम्ही धरतच नाही. परीक्षेला बसला तरच धरतो." मी दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा जोरात.

म्हणजे आठवडाभर आम्ही सगळे उलटं पाठ करून बसलो होतो! हेडसरांनी नियमाचं अर्धं पान वाचलं, आम्ही त्यांचा शब्द प्रमाण मानला, आणि मी तुला त्यावर पत्र लिहिलं. तू सोडलंस तर शाळेला काडीचाही धक्का नाही. तू बसलीस आणि कमी पडलीस, तर आहे.

हेडसरांना सांगितलं. सरडासुद्धा रंग बदलताना थोडा वेळ घेतो. सर तिथल्या तिथे म्हणाले, "बाई, मी कधीपासून म्हणतोय, मुलीच्या जिवाला एवढा त्रास कशाला? प्रकृती महत्त्वाची. वीस तारखेच्या आत घेऊन या तिला घरी." मला हसू आलं आणि लगेच त्यांचा गळा धरावासा वाटला. वर म्हणाले, आजच्या आज तिला तसं लिहा.

शाळा सुटल्यावर भिंगरी प्रयोगशाळेत आली. बातमी तिच्यापर्यंत पोहोचली होती, आपल्या शाळेच्या भिंतींना कानच कान आहेत. दप्तर पाठीवरून काढलंही नाही.

"बाई, ताई सोडणार आहे ना?"

"मला माहीत नाही."

"सोडणारच असेल तर वीसच्या आत सोडू दे. तुम्ही सांगाल ना तिला?"

मी म्हटलं, तुला लाज नाही का वाटत?

"वाटते," ती म्हणाली. "पण मला पाचवीपासून डॉक्टर व्हायचंय. तिला व्हायचंच नाहीये. मग माझं कशाला जावं?"

मी तिला बाहेर काढलं. मग परीक्षानळ्या धुवायला घेतल्या, त्यातली एक फुटली. ठकू, एवढ्या दिवसांत माझ्याशी सरळ बोललेली ती एकटीच. तिचं चुकलं कुठे ते मी अजून शोधते आहे.

हे पत्र टाकत नाही. उद्या बघू.


१२ मार्च

तेच पत्र पुढे लिहिते. दोन दिवस ते पर्समध्ये माझ्याबरोबर शाळेत गेलं आणि परत आलं. पेटीपर्यंत जायचं आणि मागे फिरायचं. पोस्टाशेजारचा झेरॉक्सवाला आता माझ्याकडे संशयाने बघतो.

काल बाबांच्या दुकानात गेले होते. माझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता, निदान मी तसं सांगितलं. ते भिंगं पुसत होते. मी हेडसरांचं सांगितलं, भिंगरीचं सांगितलं, तावातावाने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तोंडी परीक्षेला तिची दातखीळ बसते."

मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

"तिने."

म्हणजे तुम्ही दोघं बोलता! दर दोन दिवसांनी, दुपारी गिऱ्हाईक नसताना! आणि मी इथे पत्त्यासाठी त्यांच्या अक्षराची भीक मागते! मी दुकानात किती मोठ्याने बोलले ते विचारू नकोस. एक आजोबा नवीन चष्मा अर्धवट लावून बाहेर पडले.

मग ते शांतपणे बोलले. लेखी तुझं फार वाईट नाही. पण तिथे निम्मे गुण तोंडी. तू त्या टेबलाशी उभी राहतेस, सर मृतदेहाच्या हातातल्या एका नसेकडे बोट दाखवून विचारतात, ही कुठली. तुला नाव येत असतं. तोंड उघडत नाही. ते 'पुढची' म्हणतात.

मी घरी चालत आले. बस सोडून दिली. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, आपल्या शाळेत तुला कुणी उभं करून कधी काही विचारलं का? मी नाही विचारलं. स्वतःच्या मुलीला विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, घरून पढवून आणली आहे. बाकीच्यांनीही नाही विचारलं. बाईंची मुलगी, तिला येतच असणार. सगळी वर्षं तू दुसऱ्या बाकावर बसून फक्त लिहीत राहिलीस. शहाण्णव खरे होते ग. तू जे लिहिलंस त्याचे ते होते. जे तुला कुणी विचारलंच नाही त्याचे गुण त्यात नव्हते, आणि मी ते आहेत असं धरून चालले. सगळेच चालतात. मुलाचे गुण बघितले की लोक त्याची उरलेली तीस वर्षं सांगून मोकळे होतात.

आता नियम वर लिहिला आहे तो वाच आणि तारीख लक्षात ठेव. वीसच्या आत सोडलंस तर भिंगरीचं नुकसान नाही. बसलीस तर बहुतेक होईल. हेडसरांना तू सोडलेलं हवं आहे. भिंगरीलाही. बाबा म्हणतात, तिलाच विचार.

मला काय हवं आहे तेही सांगते, नाहीतर तू ते ओळींमधून हुडकत बसशील. तू बसावंस असं मला वाटतं. कारण माझे शहाण्णव बरोबर होते हे मला सगळ्यांना दाखवायचं आहे. हे कारण चांगलं नाही, मला समजतं. चांगलं कारण अजून सापडलेलं नाही. म्हणून तू बस असं मी म्हणत नाही, आणि सोड असंही म्हणत नाही. आज मात्र हे पत्र पेटीत पडतंय.

आई


१७ मार्च

ठकू,

तू फोन ठेवलास, त्यामुळे माझं बोलणं अर्धंच राहिलं. उरलेलं लिहिते.

आधी हे ऐक, तू फोन करणार आहेस हे बाबांनी मला सांगितलं नव्हतं. मी दुकानात बसले होते, तिथला फोन वाजला, त्यांनी दोन शब्द ऐकले आणि फोन सरळ माझ्या हातात दिला. मला वाटलं, घाऊक व्यापाऱ्याचा असेल. तू 'हॅलो' म्हणालीस तर मी म्हटलं, "फ्रेमचा माल अजून आला नाही!" तू हसलीस. थोडंसंच, पण हसलीस.

मग तू विचारलंस, "म्हणजे वीसच्या आत सोडलं तर मला धरणारच नाहीत?"

मी हो म्हटलं.

"मी इथे नव्हतेच असं?"

मी म्हटलं, कागदावर तसंच.

त्यानंतर तू जे बोललीस ते माझ्या कानातून जात नाही. "रोज सकाळी सातला मी त्या टेबलाशी उभी राहते, आई. रोज गप्प राहते आणि रोज परत जाते. हे सगळं झालंच नाही म्हणता? मी सोडणार होते, ठरलं होतं माझं. पण असं नाही सोडणार. नापास करा मला, पण धरा." आणि मग आवाज खाली करून, "भिंगरीला काय सांगशील?"

खरं सांगेन, मी म्हटलं.

"मग मलाही सांग. तिचं जे होईल ते. पांघरूण घालायचं नाही." आणि तू फोन ठेवलास.

मला पुढे म्हणायचं होतं ते हे. चांगलं कारण मला सापडलं, आणि ते तुझ्याच तोंडून सापडलं. तू भांडत होतीस. न थांबता, न अडखळता, समोर मी असताना. तुझी दातखीळ बसली नव्हती. आता त्या सरांशीही अशीच बोल. नस चुकली तर चुकली, पण बोल.

हेडसरांना मी सांगून टाकलं की मुलगी बसणार. ते म्हणाले, "बाई, कुंपणच शेत खायला लागलं." मी म्हटलं, माझ्या मुलीला शेतात मोजा, मला कुंपणात. काय म्हणाले मी, मलाच कळलं नाही, पण ते हजेरीपट उचलून चालते झाले.

भिंगरीला सांगणं मात्र जड गेलं. मी तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुमची मुलगी आहे म्हणून." मी नाही म्हणू शकले नाही. दुसऱ्या कुणाच्या मुलीसाठी मी एवढं ताणून धरलं असतं का, हे मी आठ वेळा स्वतःला विचारलं आहे, आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं.

अभ्यास कर. पत्राला उत्तर नको.

आई


१९ जून

ठकू,

तुझा निकाल कळल्यापासून बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. चोपन्न! तोंडीत सत्तावन्न! काल एका आजींना त्यांचा नंबर सांगायच्या ऐवजी तुझे गुण सांगितले. मी त्यांना रागावले, आणि मग भाजीवाल्याकडे मीही तेच केलं. एक्केचाळीसवरून आणि गप्प राहण्यावरून तू इथवर आलीस, आणि मी तुझा एकही पेपर पाहिलेला नाही. पाहणारही नाही. मागायचीही इच्छा झाली नाही. झाली, पण मागितला नाही.

आता दुसरं. तू सांगितलं होतंस, पांघरूण घालायचं नाही.

भिंगरीला प्रवेश मिळाला नाही.

आमचं सगळं कौतुक एकीकडे, पण त्यांच्या हिशेबात शहाण्णवची मुलगी चोपन्नवर आली. वजावट तीनवरून नऊवर गेली. भिंगरीला चौऱ्याण्णव होते, पंच्याऐंशी उरले. प्रवेश सत्त्याऐंशीला थांबला. तू वीस मार्चच्या आत नाव काढून घेतलं असतंस तर तिचे एक्क्याण्णव राहिले असते आणि ती आज तुमच्या होस्टेलात खोली शोधत असती. तुझ्यामुळे झालं का, असं तू विचारशील. हो, तुझ्यामुळे. माझ्यामुळेही. तो नियम करणाऱ्यांच्या नावाने मी घरात पुष्कळ बोटं मोडली, एका मुलीचं भविष्य दुसरीच्या गुणांवर टांगणारे हे कोण लागून गेले म्हणून. पण ते भिंगरीला सांगून काय उपयोग?

तिला निकाल मीच सांगितला. वाटलं होतं रडेल, किंवा मला काहीतरी बोलेल. तिने फक्त विचारलं, "ताई पास झाली?" मी हो म्हटलं. तिने मान डोलावली आणि निघून गेली. त्यानंतर बरेच दिवस ती मला रस्त्यात दिसायची आणि पलीकडच्या फुटपाथवर जायची. तिचे वडील भेटले. म्हणाले, "पोरगी जेवत नाही नीट."

आज ती शाळेत आली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे, तोवर प्रयोगशाळेत बसून अभ्यास करायची परवानगी हवी होती. ती तिने हेडसरांकडे मागितली, माझ्याकडे नाही. किल्ली मात्र माझ्याकडे असते, त्यामुळे दारात समोरासमोर आलोच. मी म्हटलं, बस, आणि रोज येऊन बस, आणि मी तुला रोज उभं करून प्रश्न विचारणार. तिला वाटलं, मी शिक्षा करते आहे. सगळं स्पष्ट करून सांगण्याऐवजी मी सरळ पहिला प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं. भिंतीकडे बघून दिलं, पण बरोबर दिलं.

दुसऱ्या वर्षाचेही तुमचे गुण धरतात, असं त्या खात खात बोलणाऱ्या बाई म्हणाल्या. तुझे वाढले तर वजावट उतरेल. हे तुला सांगावं की नाही यावर कालपासून मी आणि बाबा भांडतो आहोत. ते म्हणतात, पोरीच्या खांद्यावर आणखी ओझं नको. मी म्हणते, तिनेच सांगितलं आहे पांघरूण नको म्हणून. बघ, सांगून टाकलं. आता तुझं तू ठरव, त्याचं काय करायचं ते.

आणि मला माहीत आहे, तू हे पत्र शेवटपर्यंत एकाच गोष्टीसाठी वाचते आहेस. भिंगरीने तुझ्यासाठी काही निरोप दिला का? नाही दिला. मी दोनदा दारात रेंगाळले, म्हटलं, ताईला पत्र लिहिते आहे. तिने ऐकलं आणि पुस्तकाचं पान उलटलं.

आई